मोटेपाशी तीन रिसीव्हर : एका गावच्या संग्रहालयाच्या प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी 2025, रविवार

कजगाव स्टेशनावर उतरले तेव्हा साडेनऊ झाले होते. पुढे गावापर्यंत रिक्षा. रिक्षात मी, लॅपटॉपची बॅग, दोन बाया आणि कापसाचं एक गाठोडं. गुरुजी वाड्याच्या ओट्यावरच बसले होते. "आली का बेटा? चहा घे आधी, मग मशीनचं बोलू."

मशीन म्हणजे टचस्क्रीन. गुरुजींनी निवृत्तीनंतर भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या खेड्यांतून हिंडून जमवलेल्या वस्तू वाड्याच्या पुढच्या दोन खोल्यांत आणि मागच्या गोठ्यात मांडल्या आहेत. तिफण, वखर, कोळपं, पायली-अधोलीची मापं, जातं, मांडे भाजायचं खापर. गोठ्याच्या मध्यभागी विहिरीतून बैलांकरवी पाणी ओढायची चामड्याची मोट, नाड्यासकट (जाड दोरासकट) आणि चाकासकट. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या तरी डोक्यात 'डिजिटल संग्रहालय' आलं, आठ दिवसांत पैसे जमले. मी जळगावला घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करते, म्हणजे रविवारी मला काहीच उद्योग नसतो, असंही ग्रुपनेच ठरवलं.

गुरुजींनी स्क्रीनवर टाकायला 62 पानं लिहून ठेवली आहेत. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याच्या उत्खननात मिळालेली, नक्षी कोरलेली शहामृगाच्या अंड्याची कवचं, 1906 साली खानदेशाचे झालेले पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे, 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा निघालेला नंदुरबार, सगळं आहे. मोटेवर दीड पान. मी म्हटलं, गुरुजी, माणूस उभ्याने एवढं वाचणार नाही. ते म्हणाले, खुर्ची ठेवू.

16 फेब्रुवारी, रविवार

स्क्रीन बसवला. 32 इंची, गोठ्याच्या दारापाशी, छातीच्या उंचीला. आत रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक. 62 पानांची 19 पानं केली, गुरुजींना अजून सांगितलेलं नाही. प्रत्येक वस्तूला गुरुजींच्याच आवाजात माहिती, ऐकायला हेडफोनचा एक जोड. 45 सेकंद कोणी हात लावला नाही तर स्क्रीन आपोआप पहिल्या पानावर जातो, म्हणजे पुढच्या माणसाला पहिल्यापासून मिळेल. चोख काम झालं असं वाटलं. तारखेसह लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

23 फेब्रुवारी, रविवार

पहिली अडचण अशी आली, जी घरी बसून कधीच लक्षात आली नसती. म्हाताऱ्या माणसांची बोटं स्क्रीनला कळत नाहीत. हा स्क्रीन बोटामुळे बदलणारा बारीकसा विद्युतभार ओळखतो. घट्टे पडलेलं, कोरडं, भेगाळलेलं बोट त्याच्या लेखी बोटच नाही. एका आजोबांनी मोटेच्या चित्रावर चार वेळा बोट टेकवलं, पाचव्यांदा अंगठा रेटला, मग हात धोतराला पुसून पुन्हा. शेवटी नातवाने मधे हात घालून नुसतं टिचकीसारखं केलं आणि पान उघडलं. आजोबा हसले खरे, पण त्यानंतर त्यांनी हात मागे बांधून घेतले ते बांधूनच ठेवले.

ज्यांनी मोट हाकली त्यांच्याच हाताला मोटेचं पान उघडत नाही. वेगळी चौकट बघायला हवी.

2 मार्च, रविवार

स्क्रीनवरच्या वापराच्या नोंदी काढल्या. मोटेचं पान उघडून माणसं एका मिनिटाच्या आत ते सोडून देतात, बहुतेकदा 45 सेकंदांचा टायमर लागूनच. कंटाळतात, असा सरळ अर्थ मी लावला आणि मजकूर अजून कापायचा ठरवला.

नानींना हे सांगितलं. नानी वाडा झाडतात, किल्ली त्यांच्याकडे असते आणि दिवसभर गोठ्याजवळ त्याच असतात. त्या म्हणाल्या, "ताई, कोन म्हनतं सोडी जातस? तासतासभर हालत नाहीत लोकं. मले कुलूप लावाले उशीर होस."

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? पुढच्या रविवारी मोबाईल स्टँडवर लावून बघायचं. दारात पाटी लावली, येणाऱ्याला तोंडीही विचारायचं, नाही म्हटलं की बंद. काम झालं की चित्रफिती पुसून टाकायच्या, हे गुरुजींच्या वहीत सहीनिशी लिहून दिलं.

9 मार्च, रविवार

आज दिवसभरात मिळालेल्यांपैकी एकच तुकडा रात्री अकरापर्यंत बघत होते. पुन्हा पुन्हा, आवाज मोठा करून, मग बंद करून. आजची नोंद त्याचीच.

सून, सासरे आणि सातेक वर्षांचा मुलगा. मुलाने मोटेवर टिचकी मारली. सुनेने हेडफोन कानाला लावला. सासरे तिच्या डाव्या खांद्यामागे उभे. पडद्यावर मोटेचं चित्र आलं तसे ते बोलायला लागले: ही सोंड, ह्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं. सून मान डोलावते. ती गुरुजींच्या ध्वनिफितीला मान डोलावते आहे, सासऱ्यांना वाटतं आपल्याला. ते रंगात येतात. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, मागे कसे सरायचे ते हाताने दाखवतात. नेमकी तेव्हाच ध्वनिफितीतल्या कुठल्याशा वाक्याला सून हसते. सासऱ्यांच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ते थांबतात. तिच्या कानाकडे बघतात. हेडफोन आहे हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

यानंतर ते काही न बोलता चार पावलं टाकून खऱ्या मोटेपाशी जातात आणि नाड्याला हात लावतात. ('हात लावू नये' ही पाटी नाड्यालाच अडकवलेली आहे, तीच ते बाजूला सारतात.) मुलगा त्यांच्या मागे. थोड्या वेळाने सून हेडफोन काढून गळ्यात घालते आणि तिथूनच मोठ्याने विचारते, "मामा, काय म्हणत होतात?" तिकडे स्क्रीन 45 सेकंद मोजून पहिल्या पानावर जातो. मोटेपाशी तिघं पुढे सहा मिनिटं उभी आहेत, एवढं तर मी मोजूनच पाहिलं. सासऱ्यांनी मुलाच्या खांद्यावर जू असल्यासारखा हात ठेवून त्याला मागे मागे चालवलं.

नोंदीत यातलं काय आलं? 'मोट. 48 सेकंद. वेळ संपल्याने बंद.'

नानी बरोबर होत्या, स्क्रीनही खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त टिचक्या दिसतात. ल्यूसी सचमन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 1980 च्या दशकात हेच काम कॉपी काढायच्या मोठ्या मशीनवर केलं होतं. दोन-दोन माणसं मशीनसमोर उभी करून त्यांचं चित्रीकरण. मशीनवर मदतीच्या सूचना होत्या, तरी शिकलीसवरलेली माणसं अडकत होती. सचमनबाईंनी टिपणाचे रकाने पाडले. माणसं करतात-बोलतात पण मशीनला कळत नाही ते एकात, मशीनला कळतं ते दुसऱ्यात. मीही वहीत तसेच रकाने पाडले. पहिला रकाना तीन पानं चालला. दुसऱ्यात दोन टिचक्या.

टायमर काढून टाकला. हेडफोनचं काय करायचं ते सुचत नाही.

13 मार्च, गुरुवार

होळी. संग्रहालयाचं काम नाही. कंपनीच्या मीटिंगमध्ये नऊ जण, आठ जणांचा माईक बंद, एक बोलतोय. तो विनोद करून थांबला आणि कोणी हसलं की नाही हे त्याला कळलं नाही. सासरे आठवले.

16 मार्च, रविवार

आज भुसावळचे काका आले. गुरुजींचे मित्र, रेल्वेतून निवृत्त, सेक्शन कंट्रोलर होते. इगतपुरीकडच्या सेक्शनवर वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेल्या. गोठ्यात आले, स्क्रीन बघितला, हेडफोन उचलून बघितला आणि विचारलं, "हा एकट्यालाच ऐकू येतो?"

मी हो म्हटलं.

"मग बाकीचे काय करतात? वाट बघतात?"

तिथून जे सुरू झालं ते जेवण होऊन चहा होईपर्यंत चाललं. कंट्रोलरसमोर मोठा आलेखाचा कागद असायचा. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची तिरपी रेघ पेन्सिलने ओढत जायची. गाडी जलद तर रेघ जास्त उभी. दोन रेघा कुठे कापतात तिथे कोणाला थांबवायचं आणि कोणाला पुढे काढायचं ते ठरायचं. कानाला कंट्रोलचा फोन. हा फोन आपल्या घरच्यासारखा नसतो. सेक्शनमधली सगळी स्टेशनं एकाच लाईनवर. "पाचोऱ्याचा मास्तर मला सांगतोय की मालगाडीला वेळ लागेल, हे चाळीसगावच्या मास्तरला मी सांगायची गरज नाही. तो कान लावून बसलेला असतो. मी त्याला बोलवेपर्यंत त्याने आपली तयारी केलेली. आणि मी कोणावर ओरडलो की सगळ्या लाईनला कळायचं, साहेब आज बिथरलेत, जपून बोला."

शेजारच्या टेबलावरचा कंट्रोलरही असाच. तो तुमच्याशी बोलत नसतो, पण तुमचा आवाज चढला की तो आपल्या कागदावरून मान वर करतो. पुढे कागदाचा आलेख गेला, संगणकावर आला. काकांना त्याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं. अजिबात नाही म्हणाले. पेन्सिलीने मान मोडायची. फक्त मागून जाणारा साहेब पूर्वी एका नजरेत कागद वाचून जायचा, नंतर त्याला "काय चाललंय?" असं विचारावं लागायला लागलं.

मी त्यांना लंडनचं सांगितलं. ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ या दोघांनी तिथल्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू मार्गाच्या नियंत्रण कक्षात चित्रीकरण करून अभ्यास केला, 1992 साली तो छापून आला. कक्षात एक नियंत्रक आणि शेजारी प्रवाशांना सूचना देणारा सहायक. नियंत्रक ड्रायव्हरशी फोनवर बोलत असतो, तेवढ्यात सहायकाचा हात माईककडे गेलेला असतो. त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं. नियंत्रकही वेळापत्रक बदलताना मोठ्याने पुटपुटतो. पुटपुटणं स्वतःशी, पण शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने.

काका म्हणाले, "हे बघायला लंडनला कशाला गेले? भुसावळला चहासुद्धा पाजला असता."

जाता जाता हेडफोन त्यांनी खुंटीला उलटा टांगला. तो मी आज तसाच राहू दिला.

30 मार्च, रविवार

गुढीपाडवा, गावी गेले नाही. घरी पुरणपोळी आणि वाचन.

कानाला लावून फिरायचा आवाजी मार्गदर्शक ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने 1952 मध्येच वापरात आणला होता. म्हणजे संग्रहालयात माणसाला कानाने एकटं पाडण्याची विद्या सत्तरी ओलांडून गेली आहे. पुढे झेरॉक्सच्या त्याच संशोधन केंद्रातल्या मंडळींनी कॅलिफोर्नियातल्या फिलोली नावाच्या जुन्या वाड्यात उलटा प्रयोग केला. दोघं सोबत आले तर एकाच्या यंत्रात लागलेलं दुसऱ्यालाही ऐकता येईल, अशी सोय. 'तू काय ऐकतोयस?' हा प्रश्नच नको. माणसं त्यावरून एकमेकांशी बोलायला लागली.

काकांची लाईन आणि हे, दोन्ही एकच आहे. एकाच वेळी, एकच गोष्ट, सगळ्यांच्या कानात, आणि बोलायलाही वाव.

साधा स्पीकर का नको? तो मागच्या रविवारी लावून पाहिला. गोठ्याला पत्रे आहेत, आवाज घुमतो, आणि लोक स्पीकर सुरू झाला की भाषण असल्यासारखे गप्प उभे राहतात. गुरुजींना ते आवडलं. मला नाही.

6 एप्रिल, रविवार

पांझरेकाठचे, साक्री तालुक्यातले एक पाहुणे आले होते. मोट बघून म्हणाले, ही विहिरीची, एकेका घरची. आमच्याकडे पाण्याची रीत वेगळी. मग फडाचं सांगायला बसले.

नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, मग जमिनीचे तुकडे कोणाचेही असोत. पाणी कोणी कोणाचं तोडायचं नाही. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखणार, वर हवालदार, त्याच्यावर गावचे पंच. शेतकऱ्याने पाण्याला हातच लावायचा नाही, पाणी त्याच्या शेतात पाटकऱ्याच्या हातूनच यायचं. "तुमच्या ह्या टीव्हीत हे दाखवता येईल का?" असं त्यांनी विचारलं. मी विचार करून सांगते म्हटलं. बंधारा दाखवता येईल, पाट दाखवता येईल. पाटकऱ्याच्या शब्दाला मान का होता, ते कशाचं चित्र काढून दाखवायचं?

त्यांच्याशी बोलता बोलता गुरुजींनी मोटेचं एक सांगितलं, ते त्यांच्या 62 पानांत नव्हतं. मोट हाकणारा विहिरीवर, दारं धरणारा, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवणारा, पार शेताच्या टोकाला, मधे उभा ऊस. एकमेकांना दिसत नाहीत. दारं धरणाऱ्याचे कान चाकाच्या कुरकुरीकडे. कुरकुर थांबली की समजायचं बैल सोडले, किंवा नाडा तुटला. गाणं थांबलं तर काहीतरी वेगळं.

मी विचारलं, हे लिहिलं का नाही? गुरुजी म्हणाले, "हे काय लिहायचं? हे तर सगळ्यांना माहीत आहे."

काकांना फोन लावला. चाळीसगावचा मास्तर सापडला म्हटलं, उसात.

13 एप्रिल, रविवार

कामाचा दिवस. भंगारवाल्याकडून लँडलाईनचे तीन जुने फोन आणले, दोन काळे, एक लाल. एक मोटेपाशी, दुसरा चाकाखाली, तिसरा गोठ्याच्या पार टोकाला, जिथे आम्ही वाफा आखून दारं दाखवलं आहे. अंतर बारा-पंधरा फूट, मधे तिफण आणि वखर आडवे, म्हणजे एकमेकांचे चेहरे नीट दिसत नाहीत. गावातल्या वायरमनने 12 व्होल्टची बॅटरी लावली. लाईट गेली तरी चालणार, आणि एप्रिलमध्ये लाईट जाणारच.

पहिल्यांदा तिन्ही फोन एकसर जोडले. रिसीव्हर उचलला, शांत. दुसरा उचलला, तरी शांत. वायरमन वैतागून तिसऱ्याकडे गेला, तोही उचलला आणि तिघांच्या कानात एकदम गुरुजी बोलायला लागले. बरोबरच आहे. एकसर जोडणीत एक जरी खाली असला तरी वीज तुटते. तिघांनी उचललं तरच चालणार.

दहा मिनिटं आम्ही ही चूक तशीच ठेवावी का, यावर वाद घातला. मला मोह झाला होता. तिघं मिळूनच ऐकू शकतात अशी वस्तू! नानींनी निकाल दिला: "दुपारले एकटा मानूस येस. त्याले काय सांगू, आजून दोन जन धरी आन?" समांतर जोडले.

टचस्क्रीनला नवी चौकटही आली. हिच्यात कडेला अवरक्त किरणांची जाळी असते. बोट कसंही असो, किरण अडला की झालं. काठीनेसुद्धा चालतं. माशीनेही चालतं, हे दुपारी कळलं. मोटेचं पान आपोआप उघडलं म्हणून गुरुजी दचकले.

20 एप्रिल, रविवार

आवाज बदलायचा प्रश्न. गुरुजींच्या ध्वनिफिती स्पष्ट आहेत, शुद्ध आहेत, पण त्या ऐकताना मधे बोलायची हिंमत होत नाही. त्या वर्गातल्या आहेत. मी भीत भीत म्हटलं, अहिराणीत करू, आणि एकट्याचं नको, दोघांचं करू. गुरुजी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं काढून टाकणार?" स्क्रीनवर ठेवते म्हटलं, लेखी. हे उत्तर त्यांना पुरलं नाही, दिसलंच. तरी सायंकाळी तेच दोघांना घेऊन आले: मोट हाकलेले गावातले एक आजोबा आणि त्यांच्या थोरल्या भावजय, ज्या त्याच मळ्यात दारं धरायच्या.

देवघरात दार लावून ध्वनिमुद्रण केलं. पहिली दहा मिनिटं दोघं 'नमस्कार मंडळी' करत होते. मग बारीक दोराला सोल म्हणायचं की सौंदर, यावरून जुंपली. भावजय म्हणाल्या, "तुले काय माहित शे, तू तर बैलंमांगे राहे!" मी बटण बंद केलं नाही. बारा मिनिटं मिळाली, त्यातली नऊ भांडणाची. तीच ठेवली. पाटीवर आता दोन्ही शब्द आहेत.

परतताना मनात आलं, जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या बोलल्या आणि मुलगा सोपानदेव व घरच्यांनी टिपून घेतलं. संग्रह छापून आला 1952 ला, त्या गेल्यानंतर. टिपणारे चूक दुरुस्त करत बसले असते तर 'येहेर'ची 'विहीर' झाली असती.

27 एप्रिल, रविवार

अखजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची तयारी. शिट्टी मारल्यासारखा एक आवाज लाईनवर येत होता. चाकाखालचा आणि मोटेपाशचा रिसीव्हर एकमेकांना फार जवळ होते. वायरमनने एक खांबाच्या पलीकडे नेला. ऊन मरणाचं. पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं.

30 एप्रिल, बुधवार, अखजी

रजा काढून आले. आंब्याच्या झाडाला झोके, लेकी माहेरी आलेल्या, सगळ्या गल्लीत पुरणाचा आणि रसाचा वास. गोठ्यात सकाळपासून माणसं.

पोरांनी पहिल्या तासात तिन्ही रिसीव्हरवर फक्त 'हॅलो, कोन बोली राहिनं?' केलं. ते होणारच होतं. त्यानंतर खरं सुरू झालं. एका बाईने मोटेपाशचा रिसीव्हर कानाला लावला, लाईनवर दोर-दोराचं भांडण लागलेलं, ती हसली आणि तिकडे दाऱ्यापाशी उभ्या असलेल्या आपल्या आईला हात करून उचलायला लावलं. आई ऐकते आहे. थोड्या वेळाने आई रिसीव्हरमध्येच बोलायला लागली: सौंदरच खरं, आमच्याकडे सौंदरच. मुलगी मोटेवर तो दोर शोधून हातात धरते आणि विचारते, हाच का? आईला तिथून दिसत नाही. "सोंडले बांधेल शे का?" मुलगी खाली वाकून बघते. बांधलेला आहे. "मग तोच."

एवढ्यासाठी सगळा खटाटोप. चित्रीकरण केलं नव्हतं याचं अर्धा मिनिट वाईट वाटलं.

दुपारी तीनच्या सुमारास गर्दी ओसरली. दोन बहिणी, दोघीही सासरहून आलेल्या, दोन टोकांना रिसीव्हर घेऊन उभ्या. बराच वेळ. आवाज हळू. मोटेचं त्या बोलत नव्हत्या हे लांबूनही कळत होतं. त्यांचे वडील गोठ्यात आले, चाकाखालचा लाल रिसीव्हर कुतूहलाने उचलला, कानाला लावला. तसेच उभे राहिले. मग रिसीव्हर अगदी हलक्या हाताने जागेवर ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चहा दिला तर नको म्हणाले.

बहिणींना काही कळलं नाही.

4 मे, रविवार

गुरुजींची तक्रार वेगळीच. "संग्रहालय आहे की एसटीडी बूथ?" फोनवर 'फक्त मोटेविषयी बोलावे' अशी पाटी लावा म्हणतात. मी नाही म्हटलं. माणसं मोटेपाशी उभी राहून मोटेचंच बोलत असत असं कोणी सांगितलं? गुरुजी हसले नाहीत, पण पाटीचा कागद खिशात ठेवला.

वडिलांचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. काकांना फोनवर सांगितलं, नाव न घेता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या लाईनवर घरचं कोणी बोलत नसे. सगळे ऐकतात हे सगळ्यांना माहीत होतं, नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. तू त्या पोरींना सांगितलं होतंस का, तिसरा पण आहे म्हणून?"

नव्हतं सांगितलं. मला तर तेच हवं होतं, की न सांगता ऐकू जावं. भुसावळचा आवाज मी उचलून आणला, भुसावळची ती माहिती आणली नाही. उसाच्या दोन्ही टोकांच्या माणसांनाही पक्कं ठाऊक असायचं की गाणं सगळ्या मळ्याला ऐकू जातं. गाणाऱ्यानेही तेवढंच गायचं असायचं.

रिसीव्हर काढायचे नाहीत, हे ठरलं. प्रत्येक फोनपाशी तीन बारके दिवे लावायचे, तिन्ही फोनांचे. जो रिसीव्हर उचलला असेल त्याचा दिवा तिन्ही ठिकाणी लागेल, म्हणजे लाईनवर किती कान आहेत ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील. वायरमन म्हणतो, त्यासाठी प्रत्येक फोनापर्यंत आणखी चार तारा ओढाव्या लागतील, आणि लाल दिवे नकोत, लोक मोटार बंद आहे समजतात. हिरवे घ्यायचे.

नऊ एलईडी, हिरवे. तार 60 मीटर. जळगावहून येताना आणायचं. दोन फ्यूज जास्तीचे.